अंगठी दाखवूनही आठवत नाही तेव्हा

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी इतकी रुळली आहे, की ती केवळ म्हण आहे, वैद्यकीय निदान नव्हे, याचे भान आपणांस क्वचितच राहते. घरातील वडीलधारी व्यक्ती चष्मा कोठे ठेवला हे विसरली, की ही म्हण उच्चारली जाते. जेवण होऊन अर्धा तास झाला नाही तोच ‘आज पाने घ्यायची नाहीत का?’ असे तिने विचारले, तरी तीच म्हण. आणि आयुष्यभर मितभाषी म्हणून ओळखला गेलेला गृहस्थ चारचौघांत अर्वाच्य बोलू लागला, तर ‘म्हातारचळ’ या शब्दाने त्या प्रकारावर पांघरूण घातले जाते. तिन्ही प्रसंगांची कारणे वेगळी आणि परिणामही वेगळे. पण घराने दिलेला निर्वाळा एकच : वय झाले.

हा निर्वाळा आता परवडणारा राहिलेला नाही. साठ वर्षे व त्यावरील वयाच्या भारतीयांच्या देशव्यापी पाहणीवर आधारलेला जो अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार या वयोगटातील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती डिमेन्शियाने ग्रस्त आहेत. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळले. मेंदूरोगाचे तज्ज्ञ जेथे विरळ, तेथेच रोगी अधिक, असा याचा अर्थ होतो. अशा स्थितीत पहिले निरीक्षण डॉक्टरांचे नव्हे, घरच्यांचेच असणार. आणि घरच्यांनी नेमके काय पाहावे, हा प्रश्न केवळ वैद्यकशास्त्राचा न राहता सार्वजनिक महत्त्वाचा ठरतो. त्याचे उत्तर थोडक्यात सांगावयाचे तर असे, की माणूस किती विसरतो यापेक्षा तो कसा विसरतो, हे पाहावयास हवे.

चार घरे

कोणत्याही गावात आढळतील अशी चार घरे डोळ्यांपुढे आणावीत. पहिल्या घरातील निवृत्त मुख्याध्यापक १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात पाणी शिरले त्या दिवसाची हकीकत, पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढले होते येथपर्यंत सांगतात. पण सकाळी भेटून गेलेला भाचा संध्याकाळी त्यांच्या लेखी आलेलाच नसतो. ‘वर्तमानपत्र आले का?’ हा प्रश्न ते तासाभरात चार वेळा विचारतात, आणि चारही वेळा तो त्यांच्या दृष्टीने पहिलाच असतो.

दुसऱ्या घरातील गृहस्थांचा हात काही वर्षांपासून थरथरतो, चाल मंदावली आहे. व्याह्यांचे नाव विचारले, तर ते बराच वेळ गप्प राहतात; पहिले अक्षर सांगितले, की पूर्ण नाव गावासकट सांगतात. तिसऱ्या घरातील आजींनी काल नातवाच्या हिशेबातील चूक दाखवून दिली आणि आज त्या स्वतःच्याच घरात वाट चुकल्या. तिन्हीसांजेला कोपऱ्यात अनोळखी मुले बसलेली त्यांना स्पष्ट दिसतात. झोपेत त्या ओरडतात, हातपाय झाडतात. घरातील एक जण डॉक्टरांकडे न्यावे म्हणतो, दुसरा देवऋषीकडे.

चौथे घर छप्पन्न वर्षांच्या एका अधिकाऱ्याचे. कालच्या बैठकीत कोण काय बोलले, हे ते बिनचूक सांगतात. पण शेजाऱ्याच्या अंत्ययात्रेत ते मोठ्याने हसले, गोड खाण्याला त्यांना धरबंद उरला नाही, दूरध्वनीवरील अनोळखी माणसाच्या शब्दावर त्यांनी बँकेतील ठेव मोडली आणि पत्नी तापाने फणफणली असता साधी चौकशीही केली नाही. या घरात ‘रोग’ हा शब्द कोणीच उच्चारलेला नाही. ‘स्वभाव बिघडला’ एवढेच सर्व जण म्हणतात.

या चौघांचेही मेंदू हळूहळू झिजत आहेत. तथापि एकाची झीज दुसऱ्यासारखी नाही, आणि म्हणून एकाचे विसरणेही दुसऱ्यासारखे नाही.

कालिदासाची अंगठी

हा भेद समजून घेण्यासाठी ‘अभिज्ञानशाकुंतला’तील एक प्रसंग उपयोगी पडतो. दुर्वासाच्या शापाने दुष्यंत शकुंतलेला विसरतो. कोळ्याला माशाच्या पोटात सापडलेली अंगठी त्याच्या हाती येताच त्याला सर्व काही आठवते. नाटकाच्या नावातील ‘अभिज्ञान’ म्हणजे ही ओळखीची खूण. येथे शास्त्रीय प्रश्न असा, की अंगठी पाहून आठवण आली, ती आली कोठून? उघडच आहे, की ती मनात होतीच. तिच्यापर्यंतची वाट तेवढी बुजली होती. खुणेने वाट मोकळी झाली. परंतु शकुंतलेशी झालेली भेट दुष्यंताच्या मनावर मुळी उमटलीच नसती, तर शंभर अंगठ्या दाखवूनही काही उपयोग झाला नसता.

कचेरीच्या भाषेत सांगावयाचे तर, आलेले पत्र आवक नोंदवहीत चढलेच नाही, ही एक गोष्ट. आणि पत्र दप्तरात आहे, पण वेळेवर सापडत नाही, ही दुसरी. बाहेरून दोन्ही ठिकाणी उत्तर एकच मिळते, ‘आढळ होत नाही’. मेंदूच्या रोगांतील विस्मरणाची तुलना करताना पहिला प्रश्न विचारावयाचा तो हाच, की खूण दिली असता आठवते काय?

स्मरण ही एकसंध शक्ती नव्हे, हे आधुनिक विज्ञानाला एका दुर्दैवी शस्त्रक्रियेने शिकविले. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या सत्तावीस वर्षांच्या तरुणाचे अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस हा भाग व त्यालगतचा काही भाग काढण्यात आला. त्यानंतर २००८ साली मृत्यू येईपर्यंत त्याला नव्या प्रसंगांची आठवण ठेवता आली नाही. परंतु ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ विदुषींनी त्याला आरशात पाहून आकृती गिरविण्यास शिकविले, तेव्हा त्याचा हात दिवसेंदिवस सुधारत गेला. आदल्या दिवशी सराव केला होता, हे मात्र त्याला कधीच आठवले नाही. हात शिकत होता आणि मन विसरत होते. पुढे १९७२ साली एंडेल टल्विंग यांनी प्रसंगांची स्मृती आणि अर्थांची स्मृती असा आणखी एक भेद मांडला. आपण काल लग्नाला गेलो होतो, ही प्रसंगाची आठवण. लग्न म्हणजे काय, ही अर्थाची. प्रसंग, अर्थ आणि कौशल्य अशा या तीन कप्प्यांपैकी कोणता प्रथम रिकामा होतो, यावरून रोग ओळखू येऊ लागतो.

नोंद न होणे आणि न सापडणे

पहिल्या घरातील मुख्याध्यापकांचे विस्मरण अल्झायमरच्या रोगाशी जुळते. या रोगाला ज्यांचे नाव मिळाले, त्या आलोइस अल्झायमर यांनी १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगस्टे डेटर या ५१ वर्षांच्या स्त्रीस तपासले. पेन, किल्ली, चिरूट अशा वस्तू त्यांनी तिला दाखविल्या. तिने त्या नीट ओळखल्या. पण थोड्याच वेळाने काय दाखविले होते, हे तिला सांगता आले नाही. १९०६ साली तिच्या मृत्यूनंतर मेंदूची तपासणी करून त्यांनी आपले निष्कर्ष ट्यूबिंगेन येथील परिषदेत मांडले. पुढे हरवलेले तिचे कागदपत्र १९९५ साली पुन्हा सापडले. त्यांत रोगाचे मर्म पहिल्याच तपासणीत उतरलेले दिसते. ओळख शाबूत होती, नोंद होत नव्हती.

याचे कारण असे, की या रोगात टाऊ नावाच्या प्रथिनाचे गुंते हिप्पोकॅम्पस व त्याच्या दाराशी असलेल्या भागात आरंभीच जमू लागतात. नवे प्रसंग पक्के करण्याचे काम ज्या ठिकाणी चालते, तेच ठिकाण प्रथम पोखरले जाते. जुन्या आठवणी मेंदूच्या इतर भागांत पसरून पक्क्या झालेल्या असतात, त्यामुळे १९६१ सालचा पूर दिसतो आणि सकाळचा भाचा दिसत नाही. ‘ते पाहा, भाच्याने आणलेले पेढे,’ असे म्हणून डबा पुढे केला तरी मुख्याध्यापकांना काही आठवत नाही. अंगठी दाखवूनही न आठवणे ते हे.

दुसऱ्या घरातील गृहस्थांना पार्किन्सनचा रोग आहे. १८१७ साली जेम्स पार्किन्सन यांनी सहा रुग्णांच्या आधारे या कंपवाताचे वर्णन केले, तेव्हा बुद्धी मात्र अबाधित राहते असे त्यांनी नमूद केले होते. हा समज पुढे फार काळ टिकला आणि तो पुरता खरा ठरला नाही. मध्यमेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट होतात, तसा मेंदूच्या पुढच्या भागाशी असलेला त्यांचा व्यवहारही मंदावतो. शोध घेणे, क्रम लावणे, एका विचारावरून दुसऱ्यावर जाणे ही कामे रेंगाळतात. आठवण आहे, पण ती आणून देणारा शिपाई थकला आहे, अशी ही स्थिती. म्हणून पहिले अक्षर मिळताच नाव बाहेर येते. निदान आरंभीच्या काळात तरी येथे अंगठी उपयोगी पडते. रोग दीर्घकाळ चालल्यावर अनेकांना पुढे डिमेन्शियाही होतो, हे आता निःसंशय सिद्ध झाले आहे.

हंटिंग्टनच्या रोगातही शोध घेण्याचीच शक्ती प्रामुख्याने ढासळते. जॉर्ज हंटिंग्टन यांनी १८७२ साली वर्णिलेला हा आनुवंशिक रोग आई अथवा वडिलांपैकी एकास असल्यास प्रत्येक अपत्याला होण्याची शक्यता पन्नास टक्के असते. त्यास कारण होणारे जनुक १९९३ साली सापडले. या रोग्याला ऐकलेल्या यादीतील शब्द आपणहून सांगता येत नाहीत, पण शब्द पुढे ठेवले असता कोणते ऐकले होते, हे तो बऱ्याच अंशी ओळखतो. मात्र त्याचा हात नवे कौशल्य सहजी शिकत नाही. उलट अल्झायमरचा रोगी हाताचे नवे कौशल्य शिकतो आणि शिकल्याचे विसरतो. एकाच्या ठिकाणी जे शाबूत, ते दुसऱ्याच्या ठिकाणी मोडलेले! ‘स्मरणशक्ती गेली’ हे एकच वाक्य या दोघांनाही लावणे किती अपुरे आहे, हे यावरून लक्षात यावे.

स्मृती आहे, धृती नाही

तिसऱ्या घरातील आजींचा रोग तुलनेने कमी लोकांना ठाऊक आहे. फ्रिड्रिश लेवी यांनी १९१२ साली पार्किन्सनच्या रोग्यांच्या मेंदूपेशींत काही गोल गाठी पाहिल्या. केन्जी कोसाका या जपानी वैद्यांनी १९७६ पासून असे रोगी वर्णिले, की ज्यांच्या मेंदूच्या बाह्य पटलात याच गाठी विखुरल्या होत्या. लेवी बॉडी डिमेन्शिया या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रोगात आरंभी विस्मरण ठळक असतेच असे नाही. अवधान, दृष्टीने जागेचा घेतलेला अंदाज आणि जागेपणाची पातळी यांत चढउतार होतो, आणि त्याबरोबर स्मरणही कधी येते, कधी जाते. कोपऱ्यातील मुले ही भूतबाधा नव्हे, हे रोगाचे एक प्रमुख लक्षण होय. स्वप्नातील हालचाली प्रत्यक्ष करणे हे लक्षण तर कित्येकदा इतर लक्षणांच्या अनेक वर्षे आधी दिसते. अभिनेते रॉबिन विल्यम्स यांना २०१४ साली पार्किन्सनचा रोग असल्याचे सांगण्यात आले होते. त्याच वर्षी झालेल्या त्यांच्या मृत्यूनंतर मेंदूची तपासणी झाली, तेव्हा हा रोग उघड झाला. जेथे साधने विपुल आहेत तेथेही निदान किती निसटते असते, याचे हे उदाहरण होय.

चौथ्या घरातील अधिकाऱ्यांची स्मृती तूर्त ठीक आहे. झिजतो आहे तो मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलामागचा भाग. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया या नावाचा हा रोग बहुधा पंचेचाळीस ते पासष्ट या वयात, म्हणजे माणूस कर्ता असताना गाठतो. चरकसंहितेत धी, धृती आणि स्मृती अशा तीन शक्ती वेगळ्या मानल्या आहेत. प्राचीनांना सारे ठाऊक होते, असा दावा येथे करावयाचा नाही. पण ही विभागणी या ठिकाणी चपखल बसते. या गृहस्थांची स्मृती आहे, धृती गेली आहे. स्वतःस आवरण्याची, दुसऱ्याचे दुःख जाणण्याची शक्ती ओसरली आहे.

याच रोगाचा एक प्रकार असा आहे, की ज्यात शब्दांचे आणि वस्तूंचे अर्थच झडू लागतात. एलिझाबेथ वॉरिंग्टन यांनी १९७५ साली अशा रोग्यांचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. असा रोग जडलेल्या बाई कालची मंगळागौर कोणाकडे झाली, हे सांगतील. पण अडकित्ता हाती दिला तर ‘हे काय असते?’ असे विचारतील. त्यांच्यासाठी अंगठी म्हणजे काय, हाच प्रश्न उभा राहतो. मुख्याध्यापकांच्या अगदी उलट, त्यांना नजीकचे दिवस बरे आठवतात आणि दूरचे पुसट होत जातात.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. हे भेद म्हणजे भिंती नव्हेत. ऐंशीच्या पुढे गेलेल्या माणसाच्या मेंदूत अल्झायमरचे गुंते, लेवीच्या गाठी आणि बारीक रक्तवाहिन्या बंद पडल्याच्या खुणा एकत्र नांदताना वारंवार आढळतात. रोग जसजसा वाढतो तसतसे भेदही पुसले जातात आणि शेवटी चारही घरांतील शय्या सारखीच दिसू लागते. म्हणूनच भेद पाहावयाचा तो आरंभी, जेव्हा तो दिसतो आणि उपयोगीही पडतो.

उपयोग कशाचा?

‘बरा होणारा रोग नाही, मग नाव कळून करायचे काय?’ हा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो, आणि तो निरर्थक नाही. पण त्याला तीन सबळ उत्तरे आहेत.

पहिले उत्तर औषधांचे. भ्रम होणाऱ्या, रात्री उठून आरडाओरडा करणाऱ्या वृद्धास शांत करण्यासाठी हॅलोपेरिडॉलसारखे औषध दिले जाते. लेवी बॉडीच्या रोग्याला अशा औषधाने शरीर ताठरणे, शुद्ध हरपणे असे गंभीर परिणाम होऊ शकतात. प्रसंगी ते जीवावर बेततात. उलट डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन यांसारख्या औषधांचा त्याच रोग्यास चांगला उपयोग होऊ शकतो. हीच औषधे चौथ्या घरातील अधिकाऱ्यांना दिली, तर फायदा तर नाहीच, वर्तन मात्र अधिक बिघडू शकते. कंप थांबावा म्हणून दिले जाणारे ट्रायहेक्सिफेनिडिल वृद्धांच्या स्मरणावरच घाला घालते. अल्झायमरच्या रोगाची गती थोडी कमी करणारी लेकॅनेमॅब व डोनानेमॅब ही औषधे अमेरिकेत अनुक्रमे २०२३ व २०२४ साली मान्य झाली. परंतु ती केवळ आरंभीच्या अवस्थेतील आणि मेंदूत अमायलॉइड असल्याची खात्री झालेल्या रोग्यांसाठी आहेत, आणि मेंदूला सूज अथवा रक्तस्राव होण्याचा धोका त्यांतही आहेच. म्हणजे औषध नवे असो वा जुने, रोग ओळखल्यावाचून ते देणे म्हणजे अंधारात दगड मारणे होय. शिवाय ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा दोष, खिन्नता, झोपेच्या गोळ्या, पडल्यानंतर कवटीच्या आत साचलेले रक्त यांमुळेही विस्मरण होते, आणि यांवर उपचार आहेत. ‘वय झाले’ म्हणून घरी बसविलेल्या कित्येकांना हे उपचार लाभू शकले असते, हा विचार अस्वस्थ करणारा आहे.

दुसरे उत्तर दोषाचे. रोग न कळल्यास त्याची जागा आरोप घेतो. मुख्याध्यापक ‘मुद्दाम छळतात’, कंपवाताचे गृहस्थ ‘आळशी झाले’, आजींना ‘बाहेरची बाधा’ आणि अधिकारी ‘वाया गेले’ असे निष्कर्ष काढले जातात. यात सर्वाधिक भरडली जाते ती घरातील स्त्री. सून, मुलगी अथवा पत्नी म्हणून दिवसाचे चोवीस तास तीच जवळ असते. चोरीचा पहिला आळही बहुधा तिच्यावरच येतो, कारण वस्तू कोठे ठेवली हे न आठवणाऱ्या मनाला ती कोणीतरी नेली असेच वाटते. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या २०१३ सालच्या ‘अस्तु’ या चित्रपटात मोहन आगाशे यांनी साकारलेले विस्मृतीत हरवत चाललेले संस्कृत पंडित अनेकांना आठवत असतील. त्या चित्रपटाने मराठी प्रेक्षकाला अल्झायमरचा परिचय करून दिला. उरलेल्या रोगांचा परिचय मात्र अद्याप व्हावयाचा आहे.

तिसरे उत्तर दस्तऐवजाचे. मृत्युपत्र करणाऱ्याची मनःस्थिती ठीक असावी, अशी १९२५ सालच्या भारतीय उत्तराधिकार कायद्याची अपेक्षा आहे. मन एरवी बिघडलेले असले तरी शुद्धीच्या मधल्या काळात केलेले मृत्युपत्र तो मान्य करतो. पण ही शुद्धी पारखायची कशी? आज तारीख कोणती, पंतप्रधान कोण, असे प्रश्न विचारून प्रमाणपत्र दिले, तर चौथ्या घरातील अधिकारी सहज उत्तीर्ण होतील आणि घर विकून मोकळे होतील. उलट कंपवाताचे गृहस्थ, ज्यांना आपली इच्छा नेमकी ठाऊक आहे, ते उत्तराला वेळ लागतो म्हणून अपात्र ठरतील. आजींची योग्यता तर सकाळी एक आणि सायंकाळी दुसरी. स्मरणाची परीक्षा म्हणजे विवेकाची परीक्षा नव्हे, हे आपल्या कचेऱ्यांनी अद्याप ध्यानात घेतलेले दिसत नाही.

शब्द बदलावा काय?

या साऱ्या घोटाळ्यात भाषेचाही वाटा आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण इतकी सैल आहे, की तिच्यात प्रत्येक वृद्ध मावतो. आणि डिमेन्शियासाठी आपण योजलेला ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द इतका तोकडा आहे, की तो चौथ्या घरापर्यंत पोहोचतच नाही. ज्याची स्मृती शाबूत आहे, त्याला स्मृतिभ्रंश झाला असे म्हणण्यास कोणते कुटुंब धजावेल? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधापासून बुद्धिनाशापर्यंतची जी साखळी सांगितली आहे, तिच्यातील स्मृतिभ्रंश ही नैतिक अवस्था आहे. तोच शब्द रोगासाठी वापरताना नकळत दोषाची छटाही त्याबरोबर येते. जपानमध्ये डिमेन्शियाला रूढ असलेला शब्द मूर्खपणाची छटा दर्शवितो, म्हणून तेथील शासनाने २००४ साली तो बदलून ‘आकलनाचा आजार’ अशा अर्थाचा नवा शब्द स्वीकारला. मराठीनेही या दिशेने विचार करण्यास हरकत नसावी. अर्थात केवळ शब्द बदलल्याने रुग्णालये उभी राहत नाहीत, हेही तितकेच खरे.

आपल्या कायद्यांतही हीच तफावत दिसते. २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात पार्किन्सनचा रोग नावानिशी आहे. डिमेन्शियाचा तसा स्वतंत्र उल्लेख नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्तीच्या विकारांचा समावेश आहे. त्याच कायद्याने पुढे आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे आधीच लिहून ठेवण्याचा, आणि आपल्या वतीने निर्णय घेणारा प्रतिनिधी नेमण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क शाबूत मनाने वापरावयाचा असतो. म्हणून निदान जितके लवकर, तितका तो खरा. उशिरा झालेले निदान माणसाचे औषधच नव्हे, तर त्याचा शब्दही हिरावून घेते.

काय करता येईल, हे फार खर्चाचे नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेने आणि आशा कार्यकर्तीने वृद्धाच्या घरी चार प्रश्न विचारावेत : खूण दिल्यावर आठवते का? दिवसागणिक फार चढउतार होतो का? नसलेल्या गोष्टी दिसतात का? स्मरण ठीक असून स्वभाव पालटला आहे का? ही उत्तरे म्हणजे निदान नव्हे. पण कोणाला, किती तातडीने आणि कोणती औषधे टाळून पुढे पाठवावे, हे त्यांवरून ठरू शकते. जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस स्मरणचिकित्सेसाठी राखून ठेवणे हे तर शासनाला सहज शक्य आहे. आणि घरच्यांनी एक वही ठेवावी. काय विसरले, केव्हा विसरले, आणि आठवण करून दिल्यावर काय झाले, हे तारीखवार लिहिलेले चार कागद तज्ज्ञाला अनेक महागड्या तपासण्यांइतके मोलाचे ठरतात.

शाकुंतलाकडेच पुन्हा वळू. दुष्यंताच्या दरबारात राजा शकुंतलेला खोटी ठरवितो आणि कण्वांचे शिष्य राजाला फसवा ठरवितात. राजा विसरला आहे, तो दोषी नाही, ही गोष्ट तेथे कोणाच्याच मनात येत नाही. वस्तुतः शापाची वार्ता दोघींना ठाऊक होती. अनसूया आणि प्रियंवदा या सख्यांनी ती ऐकली होती. पण सखीचे कोवळे मन दुखावू नये म्हणून त्यांनी ती आपल्यापाशीच ठेवली. त्यांचा हेतू प्रेमाचाच होता. आपल्या घरांतही हेच चालते. वडिलांच्या वागण्यातील बदल मुलीने वर्षापूर्वी पाहिलेला असतो, पतीचे चुकणे पत्नीने केव्हाच हेरलेले असते. पण लोक काय म्हणतील, त्यांना काय वाटेल, या विचाराने ते मनातच राहते. नाटकात अंगठी अखेर सापडते. जीवनात तशी खात्री नाही. म्हणून ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी वेळेवर बोलावे हे बरे.